कांद्याच्या वाफ्यातलं खुरपं

खटाव-माणच्या पट्ट्यात कांद्याची लागण साधारण १५ बाय १० सेंटिमीटरवर होते. दोन रोपांमध्ये जेमतेम मूठ मावते. सायकल कोळपं सोयाबीनमध्ये उत्तम चालतं, इथे त्याचं चाकच शिरत नाही. आणि कांद्याची भांगलण चुकवून चालत नाही. त्याची पात उभी, निमुळती. ती जमिनीवर सावली धरत नाही, मुळंही वरच्या थरातच. तण एकदा वर गेलं की कांदा पोसत नाही. म्हणून खुरपंच.

भांगलायला येणाऱ्या बाया खुरपं आपापलं आणतात. पातं बहुधा लोहाराने जुन्या कमानपाट्यातून घडवलेलं, मूठ बाभळीची. पातळ पत्र्याची रंगीत खुरपी कुंडीपुरती ठीक. काळ्या रानात ती वाकतात.

शेजारच्या पातीवरच्या मावशींचे हात मी बराच वेळ बघत होते. डावा हात तणाचा बुडखा चिमटीत धरून किंचित तिरका ओढतो. ताण बसला की उजव्या हातातलं पातं जवळजवळ आडवं होऊन बोटभर खाली शिरतं आणि अंगाकडे येतं. तण रोपाला खेटून असेल तर पात्याचं नुसतं टोक चालवायचं, कारण कोवळ्या कांद्याला पातं लागलं की तिथूनच तो सडतो. मग एक झटका. मुळाची माती पडल्याशिवाय तण मागे टाकायचं नाही, नाहीतर ओलीवर घोळ पडल्या जागी पुन्हा जीव धरते. (कोवळी घोळ अर्थात भाजीसाठी वेगळी निघते.)

हे सगळं वाफशावर. ओल जास्त असली तर पातं चिखलाने लडबडतं, सारखं पुसावं लागतं. रान वाळलं तर तण बुडख्यात तुटतं. भांगलणीकडे बघून पाण्याची पाळी ठरवणारा शेतकरी मला जाणता वाटतो.

लव्हाळ्यापुढे मात्र खुरप्याचं काही चालत नाही. ओढला की पात हातात येते, गाठ खालीच. एका गाठीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळच असते. वरची तुटली की खालच्यांचे डोळे फुटतात. त्याला आणि हरळीच्या काशांना उन्हाळ्यातली खोल नांगरट आणि कडक ऊन हाच इलाज. उभ्या पिकात तो वरचेवर कापत राहायचं, म्हणजे गाठीला अन्न पोचत नाही.

यात गुडघे आणि कंबर झिजते ती बायांची, दिवसभर उकिडवं सरकून. म्हणून लागण दोरी धरून सरळ ओळीत व्हावी, असं मला फार वाटतं. मग दोन ओळींमधलं तण लांब दांड्याच्या अरुंद हातकोळप्याने उभ्याने काढता येतं, आणि खुरपं लागतं ते फक्त दोन रोपांमधल्या जागेला. दोरीने लागणीला वेळ जास्त जातो, मजुरीही थोडी वाढते. ती शेतकऱ्याने द्यावी.