एअरब्रश घेताना: आधी हवा, मग ब्रश
लेखमाला: छोट्या प्रमाणातलं जग, भाग 5

मागच्या भागात आपण पाचोरा-जामनेर गाडीचा डबा 1:87 या प्रमाणात जोडून पूर्ण केला. 762 मिलिमीटरची नॅरोगेज या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर भरते, त्यामुळे बाजारात तयार मिळणारा 9 मिलिमीटरचा रूळ तिला चपखल बसतो, हेही पाहिलं. आता रंगकाम. चांगल्या जोडलेल्या प्रतिकृती सगळ्यात जास्त इथेच बिघडतात. खऱ्या पत्र्यावरचं 25 मिलिमीटरचं रिव्हेट आपल्या डब्यावर जेमतेम 0.3 मिलिमीटरचं उरतं. कुंचल्याने रंगाचे दोन हात दिले की रंग त्याच्या कडेला साचतो, डोकं बुजतं आणि लोखंडी पत्र्याऐवजी प्लास्टिकचं खेळणं दिसायला लागतं. एअरब्रशमधून रंग इतक्या बारीक थेंबांनी बसतो की चार पातळ थर दिल्यावरही रिव्हेट मोजता येतात.

एअरब्रशबद्दल जे काही वाचायला-पाहायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. त्यांच्या सल्ल्याने जळगाव-धुळ्यात मे महिन्यात काम करायला बसलात तर दहा मिनिटांत ब्रश तुंबेल. दोष ब्रशचाही नसतो आणि तुमच्या हाताचाही नसतो, दोष हवेचा असतो. म्हणून माझा आग्रह आहे की खानदेशात ब्रँड कोणता हा प्रश्न शेवटी विचारावा. हवा कुठून येणार, किती कोरडी, किती दाबाने, हे आधी ठरवावं.

ब्रशच्या प्रकाराबद्दल फार काथ्याकूट करायची गरज नाही. रंगाचा कप वर असलेला, म्हणजे ग्रॅव्हिटी फीड, आणि डबल अ‍ॅक्शन ट्रिगरचा घ्या. ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई मागे सरकते आणि रंग येतो. जितकी ओढ तितका रंग. कप वर असल्याने रंग आपल्या वजनाने खाली उतरतो, कमी दाबातही काम होतं, आणि बारीक कामाला कमी दाबच हवा असतो. बाटली खाली लटकवायचा प्रकार मोठ्या पृष्ठभागाला ठीक, आपल्या डब्याला नको.

खरा प्रश्न नोझलचा. बारीक काम म्हटलं की नवशिका 0.2 मिलिमीटरच्या मागे लागतो. पण रंग वाळायला सुरुवात कुठे होते ते बघा: सुईचं टोक नोझलमधून किंचित बाहेर आलेलं असतं, त्याच्या चहूबाजूंनी हवा वेगाने जाते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ती हवा तापलेली आणि कोरडी असते. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग त्या टोकावर बघता बघता सुकतो. आधी फवारा अडखळतो, मग एकदम सुकलेला कण उडून नेमका डब्याच्या दर्शनी बाजूवर बसतो. भोक जितकं लहान तितका हा त्रास जास्त. इथे 0.3 घ्या. इवाटा एक्लिप्स एचपी-सीएसला 0.35 चं नोझल येतं, तेही उत्तम. त्यात नोझल नुसतं जागेवर बसवायचं असतं, त्याला आटे नसतात. स्वस्त सेटमध्ये नोझलला अगदी बारीक आटे असतात आणि जरा जास्त आवळलं की ते आतच मोडतं. असा सेट घेतलात तर जादा नोझल सोबतच मागवा, आणि पाना दोन बोटांत धरून फिरवा, मुठीत नको. डब्यावरच्या बारीक रेषाही 0.3 ने मारता येतात. त्या पातळ रंगावर, कमी दाबावर आणि जवळ धरलेल्या हातावर अवलंबून असतात.

आता कॉम्प्रेसर. छंदासाठी म्हणून विकले जाणारे छोटे कॉम्प्रेसर साधारण एक षष्ठांश हॉर्सपॉवरचे, 3 लिटरच्या टाकीचे असतात. चार बारला बंद होतात, तीन बारला पुन्हा सुरू. आवाज कमी, घरात चालतात. पण टाकी भरली म्हणजे वीज गेल्यावरही काम चालेल, असं धरून बसू नका. हिशेब करा. चार बारला भरलेल्या 3 लिटर टाकीतून सव्वा बारपर्यंत उतरेतो जेमतेम आठ लिटर हवा मिळते, आणि ब्रश मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज खातो. म्हणजे मिनिटभरसुद्धा नाही. या टाकीचं खरं काम पिस्टनचे धक्के गिळून हवा सरळ करणं हे आहे. ज्यांच्याकडे लाइटचा भरवसा नाही त्यांनी गॅरेजवाल्यांचा 25 लिटरचा, आठ बारचा कॉम्प्रेसर घ्यावा. तो कानठळ्या बसवतो, ओट्यावर ठेवावा लागतो, पण एकदा भरला की दहा मिनिटं शांतपणे काम होतं. घेताना ऑइल-फ्री मागा. तेलाच्या मशीनमधून तेलाचा सूक्ष्म अंश हवेबरोबर येतो आणि रंगावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

दाब आणि पाणी सांभाळणाऱ्या सामानासाठी पुण्या-मुंबईकडे बघायची गरज नाही. जळगावच्या डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन असतं. ते खराब दाणा ओळखतं आणि हवेच्या झोताने उडवून देतं. त्या झोतात पाणी किंवा तेल आलं तर मशीनच बिघडतं, म्हणून मिलवाल्यांना स्वच्छ, कोरडी हवा म्हणजे काय हे नीट माहीत असतं. त्यांना माल पुरवणाऱ्या न्यूमॅटिकच्या दुकानात फिल्टर आणि रेग्युलेटर एकत्र असलेलं एफआर युनिट मागा. एफआरएल नको. त्यातला शेवटचा भाग ल्युब्रिकेटर असतो, तो हवेत मुद्दाम तेल सोडतो. तिथेच पाव इंची आट्यावरून एक अष्टमांश इंचीवर आणणारा रिड्यूसर घ्या, कारण गॅरेजच्या कॉम्प्रेसरला पाव इंची आटे असतात आणि एअरब्रशच्या होजला बहुधा एक अष्टमांशचे. गेज बारीक दाखवणारं बघा. दहा बारच्या गेजवर एक आणि सव्वा बार यांतला फरक डोळ्याला कळत नाही.

फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटवून लावू नका. दाबलेली हवा तापते आणि गरम हवेत पाणी वाफ होऊन राहतं, फिल्टरला ते पकडता येत नाही. होजमधून जाताना हवा निवते तेव्हा पाणी सुटतं. म्हणून मध्ये दोन-तीन मीटर होज असू द्या आणि फिल्टर आपल्या टेबलाजवळ लावा. पावसाळ्यात काम संपलं की टाकीचा खालचा कॉक उघडा, निघालेलं पाणी बघूनच विश्वास बसेल.

जोडणी झाली की पहिल्यांदा नुसतं पाणी मारून बघा. सुई काढून काचेवर फिरवा, टोक वाकलेलं असेल तर ते लगेच डगमगतं. ट्रिगर न ओढताही रंग येत असेल तर सुई पुढे नीट टेकलेली नाही. कपात बुडबुडे येत असतील तर नोझलजवळून हवा आत शिरते आहे. मग रंग. तो साय काढलेल्या दुधाइतका पातळ हवा, कपाच्या कडेवरून ओघळताना मागे फिकट पापुद्रा सोडणारा. तामियाचा अ‍ॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ होतो. वायेहोच्या रंगात तेच घातलं तर गुठळ्या होतात, त्याला त्याचाच थिनर द्या. दाब एक बारच्या आसपास. पृष्ठभाग रवाळ आला तर रंग हवेतच वाळतोय: जवळ या किंवा दाब कमी करा. रंगाचे पाय फुटून चहूकडे पळाले तर रंग फार पातळ आहे किंवा ब्रश फार जवळ आहे.

उन्हाळ्यात रंगात रिटार्डरचे, म्हणजे रंग हळू वाळवणाऱ्या द्रवाचे, एक-दोन थेंब घाला आणि कामाला सकाळी बसा. कूलर अर्धा तास आधी लावून खोली दमट करून घ्या, मग बंद करा, नाहीतर त्याच्या झोताबरोबर धूळ येते. ही युक्ती पाण्याच्या रंगांपुरतीच. लॅकर मारायचा असेल तर दमटपणा शत्रू आहे, रंगावर पांढरट झाक चढते. लॅकरच्या वेळी साधा कापडी मास्क पुरत नाही, वाफ शोषणारी काडतुसं असलेला मास्क आणि खिडकीबाहेर हवा टाकणारा पंखा हवाच. जवळ गॅस किंवा निरांजन नको.

थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हा क्रम बोटांत बसेपर्यंत जुन्या वर्तमानपत्रावर ठिपके आणि रेषा काढत राहा. दर रंगानंतर कप धुवा, सुईचं टोक ओल्या ब्रशने पुसा, आणि दिवसाअखेर सुई मागच्या बाजूने काढा, पण टोकावरचा रंग पुन्हा नोझलमध्ये ओढला जाणार नाही याची खात्री असेल तरच; नाहीतर आधी थिनर मारून टोक स्वच्छ करा. पुढच्या आठवड्यात प्रायमर, आणि डब्याच्या खिडक्या झाकायची टेप कशी कापायची ते पाहू.