वढूची लसचाचणी : फरक किती मोठा, किती पक्का?

लस : रोटाव्हॅक. रोटाव्हायरसच्या जुलाबांवर, 6, 10, 14 आठवड्यांना तोंडावाटे.

चाचणी : 6,799 बाळे. केंद्रे दिल्ली, वेल्लोर आणि शिरूर तालुक्यातील वढू (केईएम रुग्णालय संशोधन केंद्र, पुणे). निकाल 2014, ‘लॅन्सेट’.

तीव्र आजार : लसगटात 71, लस न दिलेल्या गटात 76. आकडे सारखेच वाटतात, पण लसगट दुप्पट मोठा होता. खरी तुलना दराची : 100 बालक-वर्षांमागे सुमारे 1.5 विरुद्ध 3.2.

परिणामाचा आकार : 53.6 टक्के घट.

95 टक्के विश्वास अंतराल : 35.0 ते 66.9. त्यात शून्य नाही. ‘लस निरुपयोगी’ हे शून्य गृहीतक फेटाळले जाते.

पी-मूल्य : परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता. फरकाचा आकार त्यातून कळत नाही. गट प्रचंड असला की किरकोळ फरकाचेही पी-मूल्य लहान येते.