लाड बाजार : लाखेच्या बांगड्यांची पेठ

हैदराबादचा चारमिनार १५९१ मध्ये उभा राहिला. त्याच्या पश्चिमेस लागूनच असलेल्या लाड बाजारात बांगड्यांची छोटी, घराण्याने चालविलेली दुकाने ओळीने दिसतात. कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करतो, तिला वळून गोल आकार देतो आणि ती गरम असतानाच एकेक खडा हाताने बसवितो. लाख निवली की खडा पक्का होतो. म्हणूनच येथे हात चपळ हवा आणि नजर स्थिर.

या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. तथापि, यंत्रावर घडलेल्या स्वस्त बांगड्याही बाजारात असतातच. तेव्हा बांगडी लाखेची आहे काय आणि खडे हाताने बसविले आहेत काय, हे ग्राहकाने अवश्य विचारावे. घासाघीस करावी, परंतु कारागिराची मजुरी त्याच किमतीतून निघते, याचे भान असावे. घरी आणल्यावर बांगड्या उष्णतेपासून जपाव्यात.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. मराठी ग्राहकाला ही पेठ परकी वाटण्याचे कारण नाही.