चोरी कोणाची, जबाबदारी कोणाची?

प्राचार्यांचे मनोगत



मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "सर, कंपनीच्या कॉम्प्युटरमधून हॅकरने ग्राहकांची माहिती चोरली, तर दंड कंपनीला का करतात? हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी झालं!" वर्ग हसला. घंटा व्हायची वेळ झाली होती, म्हणून आम्ही दोन वाक्यांत काहीतरी उत्तर देऊन टाकले. पण खरे सांगायचे तर ते उत्तर आमचे आम्हालाच पटले नाही. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि संगणकाशी ओळख तर नोकरीत आल्यावर झाली. त्यामुळे या विषयातले जे काही कळले ते वाचून आणि जाणकारांना विचारूनच. तेच आज सोप्या शब्दांत सर्वांसमोर ठेवत आहोत.

आधी एक घडलेली गोष्ट पाहू. ब्रिटनमध्ये टॉकटॉक नावाची टेलिफोन व इंटरनेट सेवा देणारी कंपनी आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये या कंपनीच्या संकेतस्थळावर हल्ला झाला आणि १,५६,९५९ ग्राहकांची नावे, पत्ते, जन्मतारखा, फोन नंबर व ई-मेल पत्ते चोरीला गेले. त्यांतल्या १५,६५६ जणांचे बँक खाते क्रमांकही गेले.

सायकल चोरीला गेली तर जागा रिकामी दिसते. माहिती चोरीला गेली तरी ती मालकाजवळ जशीच्या तशी असते, म्हणून नुकसान लगेच जाणवत नाही. ते पुढे होते. कोणीतरी फोन करतो, आपले पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख बिनचूक सांगतो, आणि एवढे सगळे ठाऊक आहे म्हणजे हा बँकेचाच माणूस असणार, असे समजून आपण त्याला ओटीपी देऊन बसतो. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलणार?

आता ही चोरी झाली कशी, ते पाहू. आपल्या ग्रंथालयात पुस्तक हवे असेल तर विद्यार्थी चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहितो आणि सेवक ते कपाटातून काढून देतो. समजा, एखाद्याने चिठ्ठीवर लिहिले, "इतिहासाचे पुस्तक द्या, आणि सर्व कपाटांच्या किल्ल्याही द्या." सेवकाने काहीही विचार न करता चिठ्ठीत लिहिलेले सर्व हाती ठेवले, तर? काही संकेतस्थळे अगदी अशीच वागतात. नाव लिहायच्या चौकटीत कोणी नावाऐवजी संगणकाला समजणारी आज्ञा लिहिली, तर ती न तपासताच पुढे पाठवतात आणि माहितीचे सगळे कपाट उघडून देतात. या प्रकाराला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ही युक्ती १९९८ पासून जाहीरपणे माहीत आहे आणि ती रोखण्याचे उपायही फार पूर्वीपासून उपलब्ध आहेत.

ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने या प्रकरणाची चौकशी केली. टॉकटॉकने २००९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीचा ब्रिटनमधील व्यवसाय विकत घेतला होता. त्या व्यवसायाबरोबर आलेली काही जुनी वेबपाने तशीच चालू राहिली होती. त्यांच्यामागचे सॉफ्टवेअर कालबाह्य झाले होते. त्यातील एका दोषावरचा उपाय साडेतीन वर्षांहून अधिक काळ उपलब्ध होता, पण तो बसवलाच गेला नव्हता. आपण जुने सॉफ्टवेअर वापरत आहोत, हेही कंपनीला ठाऊक नव्हते. त्याच वर्षी जुलै आणि सप्टेंबरमध्ये अशाच प्रकारचे दोन हल्ले होऊन गेले होते, तरी कोणाचे लक्ष गेले नाही. म्हणजे वाड्याचा मागचा दरवाजा मोडका होता, चोर दोनदा येऊन गेला होता, आणि घरच्यांना तो दरवाजा आपला आहे याचाच पत्ता नव्हता! ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीला ४ लाख पाऊंड दंड झाला. या प्रकारात कंपनीचे एकंदर सुमारे ६ कोटी पाऊंडांचे नुकसान झाले आणि लाखभर ग्राहक सोडून गेले. बैल गेला नि झोपा केला, तो असा.

मग हॅकर सुटले का? मुळीच नाही. विद्यार्थी मित्रांनो, हा भाग विशेष तुमच्यासाठी आहे. या प्रकरणात पकडल्या गेलेल्यांमध्ये एक शाळकरी वयाचा मुलगा होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हे कबूल केले, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. आपण हे मित्रांवर छाप पाडण्यासाठी केले, असे त्याने सांगितले. त्याने संकेतस्थळातील फट शोधली होती. पुढे इतरांनी तिचा फायदा घेतला. न्यायालयाने त्याला वर्षभर सुधारणेच्या देखरेखीखाली ठेवले. त्याच हल्ल्याशी संबंधित आणखी दोन तरुणांना २०१८ मध्ये तुरुंगवास झाला, एकाला १२ महिने आणि दुसऱ्याला ८ महिने.

यातच आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. दोष म्हणजे एकच पोळी नव्हे, की हॅकरच्या ताटात जास्त पडली तर कंपनीच्या वाट्याला कमी येईल. हे दोन वेगळे हिशेब आहेत. चोरी हा गुन्हा आहे आणि तो पूर्णपणे चोराचा आहे. दरवाजा मोडका होता म्हणून चोराची शिक्षा कमी होत नाही. पण लोकांची ठेव आपल्याकडे घेऊन ती न सांभाळणे हा कर्तव्यातला कसूर आहे, आणि तो पूर्णपणे ठेव घेणाऱ्याचा आहे. चोर आला म्हणून तो कसूर धुऊन निघत नाही. स्वतःच्या घराला कुलूप न लावणारा फार तर निष्काळजी ठरतो. दुसऱ्यांचे दागिने ठेवून घेणाऱ्या सराफाने कुलूप लावले नाही, तर त्याला नुसते निष्काळजी म्हणून सोडून देता येत नाही.

येथे कंपन्यांवर अन्यायही होता कामा नये. कितीही मजबूत कुलूप असले तरी कधी ना कधी फुटू शकते. ज्या दोषाची अजून कोणालाच माहिती नाही, त्यातून हल्ला झाला आणि कंपनीने बाकी सर्व खबरदारी घेतली होती, तर तिला तितका दोष देता येणार नाही. म्हणूनच कायदा शंभर टक्के सुरक्षिततेची हमी मागत नाही, वाजवी काळजी मागतो. चोरी झाल्यावर कंपनीने ती लपवली की ग्राहकांना ताबडतोब कळवले, हेही पाहिले जाते.

आणि ग्राहक? त्याने सर्व ठिकाणी एकच पासवर्ड ठेवला, तर तो त्याचा दोष. पण कंपनीचे सॉफ्टवेअर जुने आहे की नवे, हे तो कसे तपासणार? त्याने विश्वासाने अर्ज भरला, एवढेच.

आणखी एक पळवाट फार वापरली जाते. दोष सर्वांत खालच्या माणसावर टाकायचा. अमेरिकेत इक्विफॅक्स या कंपनीतून २०१७ मध्ये सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. सॉफ्टवेअरमधील ज्या दोषातून हॅकर शिरले, त्यावरचा उपाय मार्च महिन्यातच जाहीर झाला होता. हॅकर मे महिन्यात शिरले. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे माजी प्रमुख संसदेच्या समितीपुढे आले, तेव्हा त्यांनी एका कर्मचाऱ्याने सूचना पुढे पोचवली नाही, याकडे बोट दाखवले. पण कोट्यवधी लोकांची सुरक्षा एका माणसाच्या आठवणीवर टांगून ठेवली कोणी? डिसेंबर २०१८ मध्ये संसदीय समितीच्या अहवालाने ही चोरी पूर्णपणे टाळता येण्याजोगी होती असे म्हटले.

काम दुसऱ्याकडे सोपवल्यानेही जबाबदारी सुटत नाही. टॉकटॉकने ग्राहकांच्या तक्रारींचे काही काम भारतातील एका कंपनीला दिले होते. तेथील तीन खात्यांवरून २१ हजारांपर्यंत ग्राहकांची माहिती अनधिकृतपणे पाहिली गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याबद्दल आणखी १ लाख पाऊंड दंड झाला, तो टॉकटॉकलाच.

आपल्या देशातही कायदा हे दोन्ही हिशेब वेगळे ठेवतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ नुसार हॅकरला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. त्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला कळवणे बंधनकारक केले आहे. मात्र हा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो, ज्याची माहिती गेली त्याच्या हाती येत नाही. म्हणून पालकांनो, फसवणूक झाली तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

येथपर्यंत आम्ही दुसऱ्यांबद्दल लिहिले. आता स्वतःबद्दल.

दोन वर्षांपूर्वी एक पालक आमच्या कार्यालयात आले आणि त्यांनी टेबलावर एक तेलकट कागद ठेवला. त्यात त्यांनी कचोरी बांधून आणली होती. कागद आपल्या शाळेचा होता. त्यावर एका वर्गातील मुलांची नावे, जन्मतारखा आणि वडिलांचे फोन नंबर होते. आम्ही शिपायाला बोलावले आणि बरेच रागावलो. त्याने शांतपणे सांगितले, "सर, कपाट रिकामं करून रद्दी द्या, असं तुम्हीच सांगितलं होतं." ते खरे होते. रद्दीवाल्याने चोरी केली नव्हती, कचोरीवाल्यानेही नाही, आणि शिपायाने तर हुकूम पाळला होता. त्या पालकांची आम्ही क्षमा मागितली, पण शिपायाची मागायला आम्हाला आठवडा लागला. इक्विफॅक्सची हकिकत वाचताना तो आठवडा आम्हाला आठवला.

शाळेकडे आपण विश्वासाने काय काय देता ते पाहा. जन्मदाखला, आधारची प्रत, पासबुकाची प्रत, फोटो, आजारांची नोंद. हा सराफाचाच धंदा झाला, फक्त दागिने वेगळे. म्हणून आम्ही काही गोष्टी सुरू केल्या आहेत. जुने अर्ज आता फाडून, बारीक तुकडे करूनच टाकले जातात. कार्यालयातील संगणकाशेजारी चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी काढली आहे. ज्या कागदाची गरज नाही, त्याची प्रत मागणे बंद केले आहे, कारण जे आपल्याकडे नाही ते चोरीला जाऊच शकत नाही. फीच्या ॲपवाल्यांकडे मुलांची कोणती माहिती जाते, हे आम्ही लेखी विचारले आहे. विश्वस्तगणांस विनंती की संगणकांच्या देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात दरवर्षी असावा. छपराच्या डागडुजीसारखाच तो समजावा. छप्पर गळते तेव्हा दिसते, हे गळते तेव्हा दिसत नाही, एवढाच फरक.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण संगणकात आमच्याहून पुष्कळ पुढे आहात. एखाद्या संकेतस्थळात फट दिसली तर आत शिरून पाहू नका, मित्रांना दाखवू नका. मालकाला किंवा आम्हाला सांगा. फट शोधणारी बुद्धी वाईट नाही. परवानगी घेऊन हेच काम करणाऱ्यांना कंपन्या पगार देतात, बक्षिसेही देतात.

आणि पालकांनो, पुढच्या वेळी शाळेने एखादा कागद मागितला, तर "कशासाठी हवा?" असे अवश्य विचारा. आम्हाला राग येणार नाही. उत्तर देता आले नाही, तर तो कागद आम्ही मागणार नाही.

सर्वांस शुभेच्छा.

आपले,
प्राचार्य