लिस्बनहून आलेली यादी

जुने पत्रव्यवहार वाचायचा नाद मला लागला तेव्हा हेर म्हणजे वेषांतर, अशीच माझी समजूत होती. १५८७ साली इंग्लंडला स्पॅनिश आरमाराची खडान्‌खडा माहिती मिळाली, ती मात्र एका नोकराच्या भावाकडून आणि उसन्या शंभर क्राउनांवर.

अँथनी स्टँडन हा परागंदा इंग्रज कॅथलिक फ्लॉरेन्समध्ये राही आणि पत्राखाली ‘पॉम्पेओ पेलेग्रिनी’ अशी सही करी. तिकडे लिस्बनला मार्क्विस सांता क्रूझ दुसऱ्या फिलिपचे आरमार उभारत होता. (फिलिप १५८०पासून पोर्तुगालचाही राजा, म्हणजे आपले वसई-चौलही तेव्हा त्याच्याच अमलाखाली.) सांता क्रूझच्या खासगी दालनात एक फ्लेमिश चाकर होता. स्टँडनने त्याच्या भावालाच लिस्बनला धाडले. पत्रे माद्रिदमधल्या तस्कनीच्या वकिलामार्फत येत. वकिलाच्या टपालावर संशय कोण घेणार? जहाजे, माणसे, रसद यांची यादी अशी एलिझाबेथ राणीचा सचिव वॉल्सिंगहॅम याच्या हाती पडली. आरमार त्या वर्षी निघणार नाही, हेही कळले.

पण वॉल्सिंगहॅमला पत्रे एकाच ठिकाणाहून येत नव्हती. १५८८च्या जानेवारीत पॅरिसमधला इंग्रज राजदूत एडवर्ड स्टॅफर्ड कळवतो, की आरमार मोडले! स्पेनचा वकील मेंदोसा याच्या कागदांत स्टॅफर्डला पैसे दिल्याचे उल्लेख आहेत. तो फितूर होता की पैसे घेऊन मेंदोसालाच झुलवत होता, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. मला तो फितूरच वाटतो. राणीला खर्च नकोच होता. त्याच हिवाळ्यात जहाजांवरचे खलाशी निम्म्यावर आणले गेले. खरी बातमी महाग पडते. खोटी स्वस्तात शांत झोप देते.

गंमत पुढेच आहे. मे महिन्यात आरमार निघताना लिस्बनमध्येच त्याची तपशीलवार यादी छापली गेली. सुमारे १३० जहाजे, नावानिशी. धाक बसावा हा हेतू. तिची एक प्रत इंग्लंडचा खजिनदार लॉर्ड बर्ली याच्याकडे पोचली. तिच्या समासात त्याने पुढे स्वहस्ते टिपणे केली.

एवढे सारे ठाऊक असूनही दिवस ठाऊक नव्हता. १९ जुलैला (जुन्या पंचांगाने) कॅप्टन फ्लेमिंग आरमार दिसल्याची वर्दी घेऊन आला, तेव्हा इंग्रज जहाजे प्लिमथ बंदरात रसद भरत होती, आणि वारा उलटा. रात्रभर दोर ओढून, होड्या जुंपून त्यांनी ती बाहेर काढली.