तबला पुन्हा हाती घ्यावा काय?

श्रोते हो, आपल्या भंडारा जिल्ह्यात भजनाला पेटी धरणारे पुष्कळ. त्यांपैकी काहींनी कधीकाळी वर्ष-दोन वर्षे तबलाही शिकून सोडलेला असतो. मग शेती आली, नोकरी आली, आणि तबला-डग्गा फळीवर जाऊन बसला. पुढे मंडळाचा तबलजी कामासाठी परगावी गेला की लोक म्हणतात, "गुरुजी, तुम्हीच धरा ना ठेका!" तेव्हा प्रश्न पडतो. तबला पुन्हा सुरू करावा, की पेटीवरच हात पक्का करावा?

थोरांचे दाखले दोन्ही बाजूंनी मिळतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीवर भल्या मोठ्या समुदायाला खिळवून ठेवीत. उलट मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ सरोद, व्हायोलिन आणि आणखी कितीतरी वाद्ये वाजवीत. पण त्याने आपला प्रश्न सुटत नाही. आपल्यापाशी रोजचा एकच अर्धा तास असतो.

म्हणून आधी आपली पेटी तपासा. भजन रंगात आले की लय पुढे पळते काय? तबलजीकडे न पाहता सम कळते काय? लय पळत असेल तर माझ्या मते तबला जरूर घ्यावा, तोही पेटीसाठीच. आठ मात्रांचा भजनी ठेका महिनाभर तोंडाने म्हटला, हाताने वाजविला, की मात्रा अंगात मुरू लागते. पण सूरच चुकत असतील, गाणाऱ्याच्या मागे बोटे चाचपडत असतील, तर तबला फळीवरच राहू द्या. दोन कच्ची वाद्ये मंडळाच्या काय कामाची? "पैसे घालून घेतला, वाया जाईल" हे कारण तर मुळीच धरू नये. गावच्या शाळेला द्यावा, पोरे वाजवतील.

ही पारख रोवणीच्या दिवसांत मात्र करू नका. एक तर चिखलात वाकून कंबर मोडलेली असते. शिवाय पावसाळी हवेत चामडे ओल धरून सैल पडते. काळी एकला मिळविलेला तबला बघता बघता उतरतो, आणि आपल्याला वाटते, हातच गेला! धानकापणी आणि मंडई आटोपली की तबला काढावा. पुडी फाटली किंवा शाई तडकली असेल तर पुडी बदलून घ्यावी. नुसता उतरला असेल तर आधी गट्टे ठोकून, मग गजऱ्यावर हलकी हातोडी देऊन चढवावा.

पंधरा दिवस फक्त ना, तिं, तिरकिट, तेही सावकाश. जुनी बोटे लवकरच ओळख दाखवितात, वेग मात्र मागाहून येतो. मनगट दुखले तर थांबा. एवढ्यात पेटीचा रियाज बुडू लागला, तर उत्तर मिळाले म्हणायचे. नाही बुडला, तर जाणत्याकडे जावे. बोटांबरोबर जुन्या चुकाही परततात, आणि त्या ज्याच्या त्याला ऐकू येत नाहीत.

शिक्षक बंधु-भगिनींनो, एखाद्या मुलाने सोडलेला तबला पुन्हा मागितला, तर लगेच परीक्षेचा अर्ज पुढे करू नका. सकाळच्या प्रार्थनेला त्याला ठेका धरू द्या.