एका लिटरला वीस मिली

बंगळुरूच्या जे. सी. रोडवर स्पेअर पार्टच्या दुकानात टू-स्ट्रोकचं तेल मागितलं की बाटलीआधी प्रश्न येतो: गाडी कोणती? ‘आरएक्स’ असं उत्तर दिलं की लगेच दुसरा प्रश्न: स्टॉक, की काम केलेली? हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. एकाच नावाच्या दोन गाड्या, पण एकीला जे तेल मानवतं ते दुसरीच्या पोटात तसंच पचेल याची खात्री नसते.

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ च्या अखेरीस आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे आज मामुली वाटतात, पण कोल्हापूर-सांगलीपासून बेळगावमार्गे बंगळुरूपर्यंत या गाडीसाठी आजही लोक नव्या गाडीचे पैसे मोजतात. त्यात बंगळुरूची गोष्ट निराळी. या शहराच्या एका अंगाला म्हैसूर, जिथे आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा आणि येझदी बनवल्या. दुसऱ्या अंगाला तासा-दीड तासावर होसूर, टीव्हीएसचं गाव. टू-स्ट्रोकच्या निळ्या धुरात वाढलेल्या मेस्त्रींच्या पिढ्या इथे आहेत. जे. सी. रोड हे नावसुद्धा जयचामराजेंद्र वडियार यांचं, म्हणजे ज्यांच्या हस्ते म्हैसूरच्या त्या कारखान्याचं उद्घाटन झालं त्यांचंच.

चार-स्ट्रोक इंजिनात तेल खाली चेंबरमध्ये साठतं, फिरत राहतं आणि काळं पडलं की बदलतात. टू-स्ट्रोकमध्ये असा साठा नाही. पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये शिरते, तिथून पोर्टमधून सिलिंडरमध्ये चढते. तेल याच वाटेने जातं. क्रँकचं बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं आणि पिस्टनची भिंत यांना जाताजाता भिजवतं आणि शेवटी जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं. त्याचं सारं आयुष्य या एका फेरीचं. म्हणून या तेलाकडून मागण्याही परस्परविरोधी: धातूला घट्ट चिकटून राहा, पण काम झालं की मागे काही न ठेवता जळून जा. बाजारातल्या सगळ्या बाटल्या या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभ्या असतात.

पुण्यात ज्यांनी चेतक किंवा लूना चालवली त्यांना हे तेल आठवतं ते पेट्रोल पंपावरचं. लिटरमागे वीस मिली, म्हणजे पन्नासाला एक. पंपावरचा माणूस माप विसरला तर मागच्या सीटवरून आठवण करून दिली जायची. या मोजमापात गैरप्रकारही बरेच झाले. सुटं, स्वस्त, प्रसंगी वापरून झालेलं तेल रिक्षांमध्ये ओतलं जाई, तेही ‘जास्त घातलं की इंजिन टिकतं’ या समजुतीने मापापेक्षा कितीतरी अधिक. दिल्लीच्या धुरावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तिथे सुट्या तेलाची विक्री बंद करायला आणि पंपावरच मोजून मिसळायला सांगितलं. १ एप्रिल १९९९ पासून कमी धुराचं तेल देशभर सक्तीचं झालं. बंगळुरूत टू-स्ट्रोक रिक्षा काढून चार-स्ट्रोक घेणाऱ्यांना पुढे सरकारने तीस हजार रुपयांचं अनुदान दिलं. रिक्षा गेल्या. राहिले ते हौशी लोक, आणि हौशी माणूस तेलाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही वाचतो.

या अक्षरांत सर्वांत उपयोगाची ओळ ‘जासो’ची. ही जपानी मोटारउद्योगाची मानकं: एफबी, एफसी, एफडी. एफडी म्हणजे सगळ्यांत भारी, असं सरसकट समजलं जातं. ते अर्धंच खरं. या चाचणीत वंगणशक्तीचा किमान निर्देशांक एफबी, एफसी, एफडी तिघांनाही एकच आहे, ९५. धुराच्या बाबतीत एफसी आणि एफडी दोघांना ८५ लागतात. खरा फरक आहे स्वच्छतेत: पिस्टनवर आणि रिंगच्या खाचेत काजळी न धरू देण्याची क्षमता एफसीला ९५ पुरते, एफडीला मात्र १२५ लागतात. म्हणजे एफडी हे अधिक ‘गुळगुळीत’ तेल नाही, अधिक ‘स्वच्छ’ तेल आहे. आणखी एक मौज अशी, की वंगणाची ही परीक्षा होते होंडा डिओच्या ४९ सीसी स्कूटर इंजिनावर. पोर्ट मोठे केलेल्या, सायलेन्सरच्या जागी एक्स्पान्शन चेंबर लावलेल्या यामाहाच्या छातीत काय चाललं आहे, हे त्या स्कूटरला कुठून कळणार? पास झालेली बाटली निकृष्ट नाही, एवढीच ग्वाही तो शिक्का देतो.

मग पाण्यावरच्या इंजिनांचं तेल भारी असेल का? हा मोह बऱ्याच जणांना होतो. मालवण-तारकर्लीला किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर मच्छीमार होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांत ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलं तेल जातं. अमेरिकेच्या नौका-उद्योगाचं हे मानक. महाग असतं, ‘मरीन’ शब्दाला वजन असतं, म्हणून कुणी ते आरएक्समध्ये घालतं. पण ते बनलंय गार इंजिनासाठी. समुद्राचं पाणी सतत फिरत असल्याने ते इंजिन फार तापत नाही, आणि धातूची राख प्लगवर बसू नये म्हणून या तेलात राख करणारे स्वच्छताघटक नसतात. हवेवर थंड होणाऱ्या आणि त्यापेक्षा कितीतरी तापणाऱ्या यामाहाच्या पिस्टनला नेमके तेच घटक हवे असतात. गंमत म्हणजे जेट-स्कीवाल्यांतही यावर एकमत नाही. कावासाकी आणि यामाहा आपल्या यंत्रांना टीसी-डब्ल्यू३ सांगत आल्या, तर कॅनडाच्या बॉम्बार्डिएने सी-डूच्या, एक्झॉस्टमध्ये झडप असलेल्या रोटॅक्स इंजिनांसाठी ते टाळून कमी राखेचं ‘एपीआय टीसी’ तेल वापरायला सांगितलं. जेट-स्कीचं इंजिन आउटबोर्डपेक्षा वेगाने फिरतं, अधिक तापतं. त्यात कुणी हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, की त्याचा स्वभाव होडीपेक्षा मोटारसायकलच्या जवळ जातो. पाणी बाहेर असतं, आग आतच.

‘काम केलेली’ म्हणजे नेमकं काय, हेही पाहायला हवं. आरएक्स १०० वर आरएक्स १३५ चा ब्लॉक चढवणं हा बंगळुरूतला सर्वांत सवयीचा उद्योग. त्याच्या पुढे पोर्टिंग, मोठा कार्ब्युरेटर, चेंबर. (कायद्याची बाजू एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असे फेरफार रस्त्यावर चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा बजावलं. ही गाडी खरी शोभते ती ट्रॅकवर.) यामाहाला तेलाची वेगळी टाकी आणि ‘ऑटोल्यूब’ पंप असतो. इंजिनाचा वेग आणि ॲक्सिलरेटर पाहून तो थेंब मोजतो. पण हे मोजमाप मूळ ९८ सीसीच्या इंजिनासाठी बसवलेलं. ब्लॉक मोठा झाला, फेरे वाढले, पंप मात्र तोच. म्हणून अनेक मेस्त्री पंप काढून टाकतात आणि टाकीतच तेल मिसळायला सांगतात: दहा लिटरला २५० मिली, म्हणजे चाळीसाला एक, किंवा त्याहून जाड.

इथे एक भाबडा समज आडवा येतो, की तेल जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त. कार्ब्युरेटरच्या जेटमधून ठरावीक द्रव जातो. त्यात तेल वाढलं तर पेट्रोल तेवढं घटतं, म्हणजे मिश्रण लीन होतं आणि लीन इंजिन तापतं. पन्नासाला एकवरून बत्तीसाला एक केलं तर पेट्रोलमध्ये सुमारे एक टक्क्याची घट. ती फार नाही. फार आहे ती दुसरीच गोष्ट. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी याच बंगळुरूत वीस टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. निव्वळ पेट्रोलला हवेचं जे प्रमाण लागतं, त्यापेक्षा या इंधनाला कमी हवा पुरते. जुना जेट तोच ठेवला तर मिश्रण सात-आठ टक्के लीन. तेलाच्या बाटलीवर तासभर वाद घालणारी मंडळी या आकड्याकडे पाहतच नाहीत. कन्नडमध्ये तेलाला ‘एण्णे’ म्हणतात आणि बोलीत दारूलाही एण्णेच. पेट्रोलच्या टाकीत आता दोन्ही एण्णे एकत्र नांदतात.

इथेनॉल पाणी ओढतं, हेही लक्षात ठेवावं. पावसाळ्यात महिनाभर उभी असलेली गाडी तशीच किक मारून पळवण्याआधी टाकी रिकामी करणं शहाणपणाचं.

बाटल्यांचे प्रकार ढोबळमानाने चार. साधं मिनरल, सेमी-सिंथेटिक, फुल सिंथेटिक आणि एरंडेल. शेवटचं नाव वाचून ज्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला असेल त्यांनी जाणून घ्यावं, की ‘कॅस्ट्रॉल’ या नावातच एरंडेलाचा, म्हणजे कॅस्टरचा, अंश आहे आणि पहिल्या महायुद्धातली बरीच विमानं याच तेलावर उडत. भीषण उष्णतेतही ते धातू सोडत नाही. पण पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही, उभं राहिलं की वेगळं होतं, रिंगला चिकट थर धरतं, पंपाच्या बारीक नळीत तर घालूच नये. रविवारी शर्यत आणि सोमवारी इंजिन उघडून साफ करणाऱ्याला ते शोभतं. ऑफिसला जाणाऱ्याला नाही.

शर्यतीसाठीच्या महाग एस्टर तेलांचीही हीच कथा, जराशी सौम्य. ती उच्च तापमानाला जळावीत अशीच बनवलेली असतात. बंगळुरूत सिल्क बोर्डच्या चौकात चाळीस मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर घासत जाणाऱ्या गाडीत ते तापमान येतच नाही. तेल अर्धवट जळतं, चेंबरच्या टोकातून काळे चिकट ओघळ येतात, प्लग ओला होतो. मालक समजतो तेल जास्त झालं. तो प्रमाण कमी करतो, आणि पुढच्या रविवारी नंदी हिल्सच्या मोकळ्या रस्त्यावर पिस्टन जॅम होतो. दोष मापाचा नव्हता, बाटलीच्या निवडीचा होता. शहरात धावणाऱ्या, थोडंफार काम केलेल्या आरएक्सला एफडी दर्जाचं सेमी किंवा फुल सिंथेटिक, ‘इंजेक्टरला चालेल’ असं स्पष्ट लिहिलेलं तेल पुरेसं होतं. पूर्ण काम केलेल्या, फक्त ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला मिसळायचं एस्टर तेल, तीसाला एकच्या आसपास, आणि त्याप्रमाणे बसवलेला जेट. लाल, निळा, हिरवा हे रंग फक्त डाय असतात, मिसळलेलं पेट्रोल डोळ्याला ओळखू यावं म्हणून. रंगावरून भाव ठरवणारा दुकानदार टाळावा.

निवड बरोबर झाली का, हे प्लग सांगतो. दुधाच्या चहाचा रंग असेल तर ठीक. पांढरा खडूसारखा असेल तर लीन. काळा आणि ओला असेल तर तेल जळत नाही, किंवा पेट्रोल जास्त.

बंगळुरूकरांना एक सवलत भूगोलाने दिली आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे मिश्रण आपोआप थोडं रिच होतं आणि ई-२० मुळे आलेला लीनपणा काही अंशी भरून निघतो. इथे सेट केलेली गाडी इथे छान चालते, आणि तीच घेऊन कुणी मंगळूरला निघालं की अडचण सुरू होते. सकलेशपूरपर्यंत उंची जवळपास तीच असते. पुढे शिराडी घाट उतरताना हवा दाट होत जाते आणि सवलत संपते. त्यात पंप काढलेला असेल तर आणखी एक पेच: उतारावर ॲक्सिलरेटर बंद, इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरतंय, पेट्रोल जात नाही म्हणजे तेलही जात नाही. जुने चालक अशा वेळी अधूनमधून क्लच दाबून एक रेझ देतात, सिलिंडरला घोटभर तेल मिळावं म्हणून. आणि जे खरोखर सावध असतात ते सकलेशपूरला चहासाठी थांबतात, चहा येईपर्यंत प्लग काढून पाहतात, खिशातल्या डबीतून एक नंबर मोठा मेन जेट काढतात आणि हाताला पेट्रोलचा वास घेऊनच कप उचलतात.